पोर्टच्या सावलीतील तांबडी वाइन

पोर्तुगालचे नाव निघाले की आपल्या गोमंतकीय श्रोत्यांना पोर्ट आठवते. गोव्याच्या दुकानांतून त्या नावाने खपणारी गोड वाइन पुष्कळदा इथलीच असते. पोर्तुगालशी तिचे नाते नावापुरते. पण खऱ्या पोर्टनेही आपल्या मायदेशावर एक अन्याय केला आहे. तिच्या कीर्तीआड तेथील गोडी नसलेली तांबडी वाइन दीर्घकाळ झाकून राहिली.

१७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्लंडने पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनच्या मानाने एक तृतीयांशाने कमी ठेवली व मोबदल्यात आपले लोकरी कापड तिकडे खपविले. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून दोरू नदीच्या खोऱ्यात वाइनमध्ये एल्डर नावाच्या झाडाच्या फळांचा रस मिसळू लागले. तेव्हा पोंबालने १७५६ साली द्राक्षभूमीच्या सीमा आखून दिल्या. तेथे ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले आणि एल्डरची झाडे मुळासकट उपटली गेली. पुढे रस आंबत असतानाच ब्रँडी घालून गोडी राखण्याची रीत रूढ झाली, आणि उत्तम द्राक्षे पोर्टच्याच पिंपांत जाऊ लागली.

ही वहिवाट मोडली फेर्नांदु निकोलाउ द आल्मेदा यांनी. ते फेरेरा या पोर्टच्या पेढीत वाइन बनवीत. बोर्दो येथील पद्धती पाहून आल्यावर, दोरूतही तशीच टिकाऊ तांबडी वाइन का होऊ नये, असा प्रश्न त्यांना पडला. अडचण उष्म्याची होती. व्हाले मेयांव हा मळा दूर, आडवळणी. तेथे वीज नव्हती. म्हणून थेट समुद्रकाठच्या मातुझिन्यूशहून लॉरीने बर्फ आणून त्यांनी आंबणारा रस थंड ठेवला. १९५२ साली जन्मलेली ही वाइन म्हणजे ‘बार्का व्हेल्या’. तीही दरवर्षी निघत नाही. मनासारखी उतरली तरच तिला हे नाव मिळते. आज मात्र ती सामान्यांच्या खिशाला परवडणारी नाही.

शेजारच्या दांव प्रांताचे दैव आणखी खडतर. सालाझारच्या राजवटीत तेथील द्राक्षे विकत घेण्याचा मक्ता सहकारी संस्थांकडे गेला. आपल्याकडे सहकाराचे गुण गाण्याची चाल आहे. परंतु स्पर्धाच उरली नाही, तर चांगले पीक काढणाऱ्याला उत्तेजन कोठून मिळणार? १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात शिरल्यावर हा मक्ता टिकू शकला नाही, आणि स्वतंत्र मळेवाले पुढे आले.

तरीही गिऱ्हाईक काबेर्ने मागते. तोरीगा नासियोनाल हे नाव त्याच्या जिभेवर रुळलेले नाही. ही लहान मण्याची, कमी पिकणारी, पण रंग नि सुगंध भरपूर देणारी जात. माझ्या मते दांवची वाइन स्वस्त पडते ती गुण उणे म्हणून नव्हे, नाव अनोळखी म्हणून. २०१४ साली ‘वाइन स्पेक्टेटर’ या अमेरिकन नियतकालिकाच्या शंभरांच्या यादीत तिसरी आणि चौथी दोरूची तांबडी वाइन होती. चौथी तर त्याच व्हाले मेयांव मळ्यातली. पहिला क्रमांक मात्र पोर्टनेच नेला.