नदीवरील सामूहिक कयाक सफर : नवख्यांसाठी आवश्यक माहिती

ऋषिकेशनजीक गंगेवर आणि महाराष्ट्रात कोलाड येथे कुंडलिका नदीवर मार्गदर्शकासह नौकासफरी होतात. कुंडलिकेचा प्रवाह धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असल्याने तेथे सफरीची वेळ विसर्गानुसार ठरते. कयाकचे वल्हे दुपाती, तर कॅनोचे एकपाती असते. प्रवाहाची काठिण्यपातळी १ ते ६ या श्रेणींत मोजतात. नवख्यांनी खालच्या श्रेणींपासून सुरुवात करावी. जीवरक्षक जाकीट अंगाला घट्ट बसलेले असावे. गटात पुढचा मार्गदर्शक ओलांडू नये आणि मागच्याच्या नजरेआड जाऊ नये. नाव उलटल्यास पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून उताणे तरंगावे. वेगवान पाण्यात उभे राहू नये; पाय खडकांत अडकल्यास प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. सफरीपूर्वीच्या सूचना म्हणूनच लक्षपूर्वक ऐकाव्यात.