लहान मोटारीचें बळ

पुण्याच्या सदाशिव पेठेंत पेशवाईच्या काळीं जो हौद होता, त्यांत पाणी आणावयास कोणतेंहि यंत्र लागत नसे. कात्रजच्या तलावांतून निघालेलें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून केवळ उताराच्या जोरावर शहरांतील हौदांपर्यंत येई. उतार जितकें देईल तितकेंच पाणी. हौदावर घागरी वाढल्या म्हणून नळ अधिक पाणी देत नसे. साध्या मोटारीचें इंजिन हवा घेतें तें याच न्यायानें. दट्ट्या खालीं जातो, सिलिंडरांत पोकळी होते, आणि बाहेरच्या हवेचा भार जेवढी हवा आंत लोटील तेवढीच आंत येते. त्याहून अधिक बळ हवें असेल तर तीन मार्ग उरतात. इंजिनाच्याच शक्तीनें पंप फिरवून हवा आंत कोंबावयाची, हा सुपरचार्जर. बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या झोतानें तो पंप फिरवावयाचा, हा टर्बोचार्जर. नाहीं तर जुनें इंजिन काढून दुसरें बसवावयाचें. पेठेंतल्या एखाद्या हौशी तरुणास हा प्रश्न आजचा वाटेल. परंतु त्यामागें शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यांतील एक बोधप्रद प्रकरण याच पेठेपासून कांहीं कोसांवर, पिंपरीस, घडलें आहे.

प्रथम हवेचेंच महत्त्व पाहणें इष्ट आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते, आणि समुद्रसपाटीस एवढी हवा सुमारें १२ घनमीटर जागा व्यापते. इंजिनांत पेट्रोल अधिक सोडणें सोपें आहे. कठीण आहे तें त्याच्या जोडीला हवा पुरविणें. त्यांतून पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच असल्यामुळें येथील हवा मुंबईच्या मानानें शेंकडा पांचांनीं विरळ असते. महाबळेश्वरास हीच तूट शेंकडा बारांच्या घरांत जाते. म्हणजे ज्या चढावर बळाची गरज सर्वांत अधिक, तेथेंच साध्या इंजिनाचा श्वास तोकडा पडतो.

तीन मार्गांपैकीं सुपरचार्जर हा सर्वांत जुना. अमेरिकेंतील रूट्स बंधूंनीं १८६० सालीं हवा ढकलणाऱ्या ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्याची योजना मोटारीसाठीं मुळींच नव्हती; पुढें भट्ट्यांना वारा घालण्यास तें उपयोगीं पडलें. जर्मनींत गॉटलीब डाइमलर यांनीं १८८५ सालींच इंजिनांत दाबानें हवा भरण्याची कल्पना पेटंटांत नोंदविली होती, आणि १९२१ सालीं मर्सिडीझ कंपनीनें बर्लिनच्या प्रदर्शनांत सुपरचार्जर बसविलेल्या मोटारी मांडल्या. या पंपाचा मोठा गुण असा कीं, तो इंजिनाबरोबरच फिरत असल्यामुळें पाय दाबतांच बळ मिळतें. दोषहि त्यांतच आहे. जी शक्ति वाढवावयाची तिच्यांतूनच तो आपला वांटा आधीं काढून घेतो, आणि गाडी संथ चालली असतांहि त्याचा भार इंजिनावर राहतो.

या दोषावरून इंग्लंडांत एक प्रसिद्ध मतभेद झाला. बेंटली मोटारींचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचें मत असें होतें कीं, अधिक बळ हवें तर मोठें इंजिन करावें; लहान इंजिनांत हवा कोंबणें म्हणजे त्याची घडण बिघडविणें होय. त्यांच्याच गाड्या शर्यतींत हांकणारे सर टिम बर्किन यांना हें पटलें नाहीं. त्यांच्या आग्रहानें साडेचार लिटरच्या बेंटलीस सुपरचार्जर बसला. साध्या गाडीची सुमारें ११० अश्वशक्ति या नव्या गाडींत १७५ वर गेली, आणि शर्यतीसाठीं सिद्ध केलेल्या गाड्यांत त्याहूनहि पुष्कळ वर चढली. १९३० सालीं ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत दोन्ही मतें समोरासमोर उभीं राहिलीं. बर्किन यांच्या पक्षाच्या गाड्या वेगानें धांवल्या, पण शेवटपर्यंत टिकल्या नाहींत. पहिला व दुसरा क्रमांक साडेसहा लिटरच्या, सुपरचार्जर नसलेल्या बेंटलींनीं पटकाविला. वेग आणि टिकाऊपणा हीं दोन निरनिराळीं मापें आहेत, हें त्या दिवशीं उघड झालें.

टर्बोचार्जरची कल्पना स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांची. इंजिनाच्या धुराबरोबर पुष्कळशी उष्णता व्यर्थ निघून जाते, तिचाच उपयोग कां करूं नये, असा विचार करून त्यांनीं १९०५ सालीं पेटंट घेतलें. १९२० च्या दशकांत दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ति या योजनेनें १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. जहाजांत व विमानांत हें यंत्र रुजलें. घरगुती मोटारींत येण्यास मात्र १९६२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोचार्जरची गाडी निघाली. कोंबलेली हवा तापते, आणि तापलेल्या मिश्रणाचा अवेळीं भडका होऊन इंजिनास ठोके बसतात. म्हणून त्या गाडींत पाणी व अल्कोहोल यांचें मिश्रण शिंपडण्याची सोय होती. पुष्कळ मालकांनीं ती टांकी भरण्याची तसदी घेतली नाहीं, आणि १९६३ नंतर ती गाडी बंद पडली. डिझेल इंजिनांत हवेबरोबर इंधन आधींपासून मिसळलेलें नसल्यामुळें हें भय नसतें. म्हणूनच १९७८ सालीं मर्सिडीझनें टर्बो व डिझेल यांचा संयोग प्रवासी मोटारींत केला, तेव्हां हा मार्ग पक्का झाला.

टर्बोलाहि एक उणीव आहे. धूर कमी असेल तोंवर त्याचें चाक मंद फिरतें, आणि बळ येण्यास क्षणभर विलंब लागतो. सदाशिव पेठेच्या बोळांतून दुसऱ्या गिअरांत सरकणाऱ्या गाडीस त्याचा लाभ थोडा. तीच गाडी दिवेघाटास लागली म्हणजे तो पुरता दिसून येतो.

तिसऱ्या मार्गाचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें १९८५ सालीं ११८ एनई ही मोटार काढली. तिचा सांगाडा इटलीच्या फियाट १२४ चा, आणि इंजिन जपानच्या निसान कंपनीचें, ११७१ घनसेंटिमीटरचें. नांवांतील एनई हीं अक्षरें त्या इंजिनाचीच खूण होतीं.

पिंपरीची कथा मात्र तिन्ही मार्गांच्या निवडीवर अधिक प्रकाश टाकते. टाटा कंपनीनें निसानचा ऑस्ट्रेलियांतील बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, तो उकलून पुण्यास आणिला व पुन्हां उभा केला. त्यांतून १९९८ सालच्या अखेरीस इंडिका बाहेर पडली. तिच्या रेखाटनास इटलीचें साह्य होतें, तरी १४०५ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन कंपनीचें स्वतःचें होतें. आपल्या देशांत आंखलेली व घडविलेली मोटार म्हणून लोकांना तिचा अभिमान वाटला. परंतु त्या इंजिनाची शक्ति सुमारें ५३ अश्वशक्ति, आणि चाकास पीळ देणारा जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो ८५ न्यूटन-मीटर. पांच माणसें व सामान घेऊन घाट चढतांना ती दमत असे. पुढें त्याच इंजिनास टर्बोचार्जर जोडण्यांत आला. सुपरचार्जरचा मार्ग कंपनीनें धरला नाहीं, आणि तें सयुक्तिकच होतें. कमी खर्चांत दूर जाण्यासाठीं जी गाडी लोक घेत, तिच्या इंजिनावर पंपाचा कायमचा भार घालण्यांत अर्थ नव्हता.

२००८ च्या ऑगस्टमध्यें इंडिका व्हिस्टा आली, आणि तिच्यांत जुना व नवा असे दोन्ही मार्ग शेजारीं उभे राहिले. एकींत तेंच १४०५ घनसेंटिमीटरचें इंजिन टर्बोसह : ७१ अश्वशक्ति, १३५ न्यूटन-मीटर. दुसरींत पुण्यापासून सुमारें ५० किलोमीटरवर, रांजणगांव येथें फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यांत तयार होणारें, मूळ फियाटच्या आंखणीचें १२४८ घनसेंटिमीटरचें इंजिन : ७५ अश्वशक्ति, १९० न्यूटन-मीटर. दीडशें घनसेंटिमीटरांनीं लहान असूनहि नव्या इंजिनाचा जोर जुन्याच्या सुमारें चाळीस टक्के अधिक ! याचें कारण टर्बो नव्हे, कारण टर्बो दोन्हींत होता. जुन्या इंजिनांत डिझेल आधीं एका लहान कोठडींत जळे व मग सिलिंडरांत येई; त्या मार्गांत बरीच उष्णता भिंतींस जाई. नव्यांत तें सरळ सिलिंडरांत, हजार वातावरणांहून अधिक दाबानें, एकाच फेऱ्यांत अनेक हप्त्यांनीं शिंपडलें जाई. हवा तर दोघांनाहि कोंबून मिळत होती. तिचा पुरता उपयोग करण्याची घडण एकाचीच होती. २०१३ सालीं याच नव्या इंजिनास पातीं वळविणारा टर्बो देऊन ९० अश्वशक्तीची व्हिस्टा निघाली.

स्वदेशी इंजिनाच्या जागीं परक्या आंखणीचें इंजिन आलें याची चुटपुट कित्येकांना लागली, आणि ती खोटी नव्हती. परंतु त्या इंजिनाच्या सहवासांत शिकलेली विद्या वायां गेली असें म्हणतां येत नाहीं. इंडिका २०१८ सालीं बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे निर्बंध आल्यावर तें १२४८ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिनहि येथें थांबलें. त्यानंतर २०२१ च्या जानेवारींत टाटांच्या आल्ट्रोझ गाडींत कंपनीचेंच ११९९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन टर्बोसह आलें. त्याच मापाचें साधें इंजिन ८६ अश्वशक्ति व ११३ न्यूटन-मीटर देई. टर्बोनें ते आंकडे ११० व १४० झाले.

जुन्या लहान गाडीचें बळ वाढवूं इच्छिणाऱ्या गृहस्थानें या इतिहासापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. कारखान्यानें टर्बो बसविला तेव्हां त्याबरोबर इंधनाचें प्रमाण, तेलाचा पुरवठा, हवा थंड करण्याची सोय, हें सर्व जुळवून घेतलें. गल्लींतल्या दुकानांत नुसता पंप जोडला तर दट्ट्ये, क्लच, गिअर व ब्रेक जुन्याच बळाच्या मापाचे राहतात, आणि वाढलेला भार त्यांच्यावर येतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ तपशिलाशीं न जुळणाऱ्या फेरफारांस आळा घालतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच ठामपणें सांगितलें. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत असतो. तो बदलावयाचा तर संगम पुलाजवळील परिवहन कचेरीची मान्यता आधीं घ्यावी लागते. विम्याची भरपाई मागण्याची वेळ आली म्हणजे याच कागदाची चौकशी प्रथम होते.

एवढें पाहिल्यावर बहुतेक संसारी माणसांस चौथा मार्ग सुचेल : आहे त्या गाडीची हवेची जाळी, तेल व टायर नीट राखून ती वापरावी, आणि अधिक बळाची खरीच गरज असेल तर टर्बोसाठींच घडविलेल्या इंजिनाची दुसरी गाडी घ्यावी. पिंपरीच्या कारखान्यास हें कळावयास दहा वर्षें लागलीं. ग्राहकास तें एका दिवाळींत कळण्यास हरकत नाहीं.