चित्रपटांचे ध्वनिचित्रफीत-वितरण

चित्रपटगृहांतील प्रदर्शनाचा बहर ओसरल्यावर चित्रपटाच्या फिती वा तबकड्या घरगुती वापरासाठी विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा व्यवसाय. या व्यवसायाची घडण मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. फीत विकावी की भाड्याने जाऊ द्यावी, तिची किंमत काय ठेवावी आणि ती केव्हा बाजारात आणावी, या तीन प्रश्नांभोवतीच त्याचा इतिहास फिरतो. लोकप्रियतेचे उच्चांक गाठणाऱ्या चित्रपटांच्या बाबतीत हे प्रश्न विशेष तीव्र होते. कारण अशा चित्रपटाची एक चुकीची किंमत निर्मितिसंस्थेला कोट्यवधी डॉलरना पडू शकत असे.

सोनी कंपनीने १९७५ मध्ये ‘बीटामॅक्स’ आणि जपान व्हिक्टर कंपनीने १९७६ मध्ये ‘व्हीएचएस’ ही फीतपद्धती आणली. ही यंत्रे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मुद्रित करून ठेवण्यासाठी होती; चित्रपटांच्या विक्रीचा विचार त्यांच्या निर्मात्यांनी प्रथम फारसा केलेला नव्हता. मिशिगन राज्यातील ‘मॅग्नेटिक व्हिडिओ’ या छोट्या कंपनीचे चालक आंद्रे ब्ले यांनी १९७७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या संस्थेकडून पन्नास जुन्या चित्रपटांचे हक्क मिळवले आणि प्रत्येक फीत सुमारे पन्नास डॉलरना विकावयास काढली. त्याच वर्षी लॉस अँजेल्स येथे जॉर्ज ॲटकिन्सन यांनी अशा फिती विकत घेऊन त्या सभासदांना भाड्याने देण्यास आरंभ केला. पन्नास डॉलर देऊन चित्रपट घेणारा ग्राहक विरळा होता. एका रात्रीपुरते भाडे देणारे मात्र पुष्कळ होते.

निर्मितिसंस्थांना हे भाडे खुपू लागले, कारण त्यातील एक पैही त्यांना मिळत नसे. अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यानुसार एकदा विकलेल्या प्रतीवरील वितरणाचा हक्क संपुष्टात येतो व ती प्रत भाड्याने द्यावयाची की पुन्हा विकावयाची, हे खरेदीदार ठरवतो. फीत न विकता केवळ भाडेपट्ट्याने देण्याची योजना वॉर्नर संस्थेने १९८१ मध्ये काढली, पण दुकानदारांच्या विरोधामुळे ती टिकली नाही. दुसरीकडे युनिव्हर्सल व डिझ्नी या संस्थांनी सोनीविरुद्ध १९७६ मध्ये दावा लावला होता. घरगुती मुद्रण हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. हा दावा हरल्यामुळेच चित्रपटव्यवसायाला उत्पन्नाचा एक मोठा मार्ग मोकळा झाला, हे नमूद करण्यासारखे आहे. तोवर यंत्रे घराघरांत पोचू लागली होती आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात फितींचे उत्पन्न तेथील तिकीटविक्रीच्या पुढे गेले.

भाड्यात वाटा नाही, तर तो किमतीतच वसूल करावा, या विचाराने नव्या चित्रपटांच्या फितींची किंमत ऐंशी-नव्वद डॉलरपर्यंत चढवण्यात आली. दुकानदाराला घाऊक भावाने ती साठ-पासष्ट डॉलरना पडे. दर रात्री दोन डॉलर भाडे धरले, तर फीत तीसेक वेळा बाहेर गेल्यावाचून तिचे मोल निघत नसे. परिणामी दुकानदार प्रती बेताच्याच घेत आणि गाजलेला चित्रपट पहिल्या आठवड्यात मागणाऱ्या ग्राहकाला बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागे. पॅरामाउंट संस्थेने १९८२ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसरा चित्रपट ३९.९५ डॉलरना विकावयास काढून या रीतीला छेद दिला. एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. १९८३ मध्ये ‘फ्लॅशडान्स’ हा चित्रपट चित्रपटगृहांत चालू असतानाच फितीवर आला, तर १९८७ मध्ये ‘टॉप गन’ ची किंमत २६.९५ डॉलरपर्यंत खाली आणण्यात आली. त्या फितीच्या आरंभी पेप्सी कंपनीच्या पेयाची जाहिरात होती व त्या मोबदल्यात कंपनीने प्रचाराचा भार उचलला. वीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. किमतीतील घट जाहिरातदाराकडून अंशतः भरून काढण्याची ही युक्ती पुढे रूढ झाली.

या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’. जून १९८२ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने उत्पन्नाचे सर्व विक्रम मोडले. तथापि सहा वर्षे त्याची अधिकृत फीत निघाली नाही. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला, पण त्याबरोबर मागणीही साचत गेली. अखेर २७ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे नाताळच्या खरेदीचा हंगाम तोंडावर असताना, युनिव्हर्सलने ती २४.९५ डॉलरना बाजारात आणली. पेप्सीची उत्पादने घेणाऱ्यास पाच डॉलरचा परतावा देऊ केल्याने प्रत्यक्ष किंमत वीस डॉलरच्या आत आली. खरी प्रत ओळखता यावी म्हणून फितीच्या पेटीचे झाकण हिरव्या रंगाचे ठेवले होते, तिच्यावर त्रिमितीय प्रतिमेची चिकटपट्टी होती आणि नक्कल बिघडवणारा ‘मॅक्रोव्हिजन’ संकेतही फितीत अंतर्भूत केला होता. विक्रीदिनापूर्वीच एक कोटीहून अधिक प्रतींची मागणी नोंदली गेली. ज्या संस्थेने घरगुती मुद्रणयंत्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, तिनेच त्या यंत्रावर हा विक्रम केला.

‘बॅटमॅन’ च्या बाबतीत वॉर्नरने नेमका उलटा मार्ग धरला. जून १९८९ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट पाच महिन्यांच्या आत, नोव्हेंबरात, फितीवर आला. चित्रपटगृहासाठी केलेल्या जाहिरातीची आठवण ताजी असतानाच तिचा लाभ घ्यावा, हा त्यामागील हिशेब होता आणि पुढील काळात बहुतेकांनी तोच स्वीकारला.

डिझ्नीचे धोरण या दोहोंपेक्षा वेगळे होते. आपली जुनी व्यंगपटे काही वर्षांच्या अंतराने चित्रपटगृहांत पुनःप्रदर्शित करण्याची तिची प्रथा असल्याने ती फितीवर आणण्यास ही संस्था प्रथम राजी नव्हती. १९८५ मध्ये ‘पिनोकिओ’ ७९.९५ डॉलरना आणला असता खप यथातथाच झाला. नाताळसाठी किंमत २९.९५ डॉलरवर आणताच तो वाढला. मूल तोच चित्रपट पुनःपुन्हा पाहते, म्हणून पालक भाड्याऐवजी खरेदीच पसंत करतात, हे यातून उमगले. त्यानंतर प्रत्येक व्यंगपट ठरावीक काळ विकून मग बाजारातून काढून घेण्याची रीत डिझ्नीने पाडली. १९८८ मधील ‘सिंड्रेला’ लवकरच अशा रीतीने मागे घेण्यात आली. टंचाई अशी मुद्दाम निर्माण करणे ग्राहकाच्या दृष्टीने न्याय्य म्हणता येत नाही. व्यापाराच्या दृष्टीने ते अचूक ठरले. १९९५ मधील ‘द लायन किंग’ च्या सुमारे तीन कोटी फिती खपल्या.

भाड्याच्या दुकानांतील टंचाईवर तोडगा १९९८ मध्ये निघाला. ब्लॉकबस्टर या दुकानसाखळीने निर्मितिसंस्थांशी करार करून फीत आठ डॉलरच्या आसपास घेण्यास व भाड्याचा सुमारे चाळीस टक्के वाटा देण्यास मान्यता दिली. लहान दुकानदारांना तशा अटी मिळाल्या नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, पण ती फळास आली नाही. दरम्यान १९९६ मध्ये जपानमध्ये व १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी तबकडी आली. वॉर्नरचे वॉरन लीबरफार्ब यांच्या आग्रहामुळे तिची किंमत आरंभापासूनच खरेदीदाराला परवडेल अशी ठेवण्यात आली. एका देशातील तबकडी दुसरीकडे चालू नये म्हणून जगाचे सहा विभाग पाडले गेले. त्यांत भारत पाचव्या विभागात होता.

भारतात व्हिडिओ यंत्रांचा प्रसार १९८२ मधील दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास झाला. येथे अधिकृत बाजार उभा राहण्यापूर्वीच चोरटा बाजार उभा राहिला; परदेशी विकलेल्या हक्कांच्या आधारे निघालेल्या प्रती चित्रपट नवा असतानाच मुंबईत पोचत. १९८४ मध्ये स्वामित्वहक्क अधिनियमात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रपटांचा समावेश व कडक शिक्षांची तरतूद करण्यात आली. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) च्या वेळी राजश्री संस्थेने व्हिडिओ हक्क रोखून धरले आणि प्रेक्षकांना चित्रपटगृहाकडे वळवले. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकून चोरट्या प्रतीच्या किमतीशीच स्पर्धा केली. पुढे ही कंपनी दिवाळखोरीत निघाली.

ब्लॉकबस्टरने सप्टेंबर २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबवले आणि टपालाने तबकड्या भाड्याने देण्याची नेटफ्लिक्सची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली.