डोक्याला मार लागला, मग हृदय का तपासायचं?

सोलापूर जिल्ह्यातलं आपलं नातेपुते आळंदी-पंढरपूर पालखी महामार्गावर आहे. उसाचे ट्रॅक्टर, मोटारसायकली, वारीच्या दिवसांत पायी चालणारी माणसं, सगळ्यांचा रस्ता एकच. अशा रस्त्यावर अपघात झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला, डोक्याचे टाके निघाले, की आपण म्हणतो, "अल्हम्दुलिल्लाह, वाचला." शुक्र मानायलाच हवा. पण मेंदूला मार लागलेल्या माणसाचं बीपी आणि हृदय पुढची अनेक वर्षं बघत राहावं लागतं, हे पुष्कळ घरांना माहीतच नसतं. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

मार मेंदूला, त्रास हृदयाला कसा?

हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांचं आकसणं-सैल होणं यांवर मेंदूचा ताबा असतो. मोठा मार बसला की शरीरात ॲड्रेनलिनसारखी रसायनं एकदम सुटतात. बीपी चढतं, ठोके बिघडतात, ईसीजी बदलतो. कधी कधी आधी ठणठणीत असलेल्या हृदयाचा स्नायूही काही दिवस अशक्त होतो. म्हणूनच अशा रुग्णाला आयसीयूत हृदयाचा मॉनिटर लावतात.

जखम भरल्यावर काय होतं?

आतली सूज बरेच दिवस राहू शकते. झोप बिघडते, उदासी येते, चालणं-फिरणं कमी होऊन वजन वाढतं. काहींच्या पिट्यूटरी ग्रंथीचं काम मंदावतं. या सगळ्याचा भार रक्तवाहिन्यांवर पडतो.

अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूला इजा झालेल्यांमध्ये पुढच्या काळात बीपी, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त आढळले. मार सौम्य होता त्यांच्यातही, आणि चाळिशीच्या आतल्या तरुणांतही. प्रत्येकाला हे होतंच असं नाही, पण धोका वाढतो.

घरच्यांनी काय करायचं?

- दर तपासणीला डॉक्टरांना जुना अपघात आठवणीने सांगा. डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅन जपून ठेवा.
- बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल किती दिवसांनी तपासायचं ते विचारून घ्या. माणूस तरुण आहे म्हणून टाळू नका.
- रक्त पातळ करणारी गोळी, ॲस्पिरिनसुद्धा, स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. डोक्यात रक्तस्राव होऊन गेला असेल तर ती घातक ठरू शकते.
- तंबाखू, मिश्री, विडी बंद. मीठ कमी. डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज चालणं.
- रात्री मोठं घोरणं, दम लागणं, सतत चिडचिड किंवा उदासी असेल तर "स्वभावच बदलला" म्हणून सोडून देऊ नका.

रमजानमध्ये

फिट्सच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा. गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारीला बसतात का, ते तेच सांगतील. आजारी माणसाला रोजा पुढे करण्याची सवलत दीननेच दिली आहे. गोळी चुकवून रोजा धरण्याचा हट्ट करू नका.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आणि हेल्मेट? अकलूजला जायचं असो की गावातल्या गावात मशिदीपर्यंत, घालूनच निघा. मागे बसलेल्या अम्मीलाही द्या.