आजी-आजोबांचा भेटहक्क

आई-वडील विभक्त झाल्यास किंवा त्यांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास नातवंडांना भेटण्यासाठी आजी-आजोबांना न्यायालयाकडून मिळणारी मुभा. भारतात हा हक्क देणारे स्वतंत्र कलम नाही. ‘पालक व पाल्य अधिनियम, १८९०’ आणि ‘हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६’ यांत मुलाचे हित हाच मुख्य निकष असून त्याआधारे न्यायालये भेटीचे दिवस, सुट्टीतील मुक्काम किंवा व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून देऊ शकतात.

अर्ज मूल सामान्यतः राहते तेथील जिल्हा न्यायालयात किंवा कौटुंबिक न्यायालयात करावा लागतो. नातू वाशी तालुक्यात आईकडे राहत असेल, तर आजी-आजोबा पुण्यात असले तरी अर्ज धाराशिव जिल्ह्यातच दाखल होतो. स्त्री अर्जदाराला, म्हणजे आजीला, उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मावशीऐवजी वडिलांकडील आजी-आजोबांना दिला. केवळ वय झाले म्हणून ते अपात्र ठरत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. हनफी मुस्लिम कायद्यात आईनंतर लहान मुलाच्या संगोपनाचा मान आईच्या आईकडे जातो. त्या क्रमात पणजीही येते. फ्रान्सच्या नागरी संहितेत पूर्वजांशी संबंध राखणे हा मुलाचाच हक्क मानला आहे. भारतीय कायद्यानेही आजी-आजोबांच्या भेटीची स्पष्ट तरतूद करणे आवश्यक आहे.