खोक्यात नसलेलं चाक

१९५२ साली इंग्लंडमधल्या वुलवर्थच्या दुकानांत एअरफिक्स कंपनीचं 'गोल्डन हाइंड' जहाजाचं मॉडेल २ शिलिंगांना विकायला आलं. प्लॅस्टिकच्या मॉडेलांचा छंद स्वस्त झाला आणि एक दुखणं त्याच्या पाचवीला पुजलं गेलं: नेमका एखादा भाग हरवतो, नाहीतर मोडतो.

वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबलं की सगळे भाग एकाच चौकटीला काड्यांनी जोडलेले बाहेर पडतात. त्यामुळे रणगाड्याचं एवढंसं चाक हवं असलं, तरी कंपनीला बहुधा अख्खी चौकटच पाठवावी लागते. साठा संपला आणि साचा पुन्हा यंत्रावर चढणार नसेल, तर पैसे मोजूनही उपयोग नाही.

जपानच्या शिझुओकाची तामिया कंपनी मुळात लाकूडवाली. १९६० साली तिने 'यामातो' युद्धनौका हे आपलं पहिलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं. पुढे तिच्या जुळणीपत्रकांवर सुट्या भागांचे क्रमांक छापलेलं कार्ड येऊ लागलं. हव्या त्या भागावर खूण करायची आणि कार्ड विक्रेत्याकडे द्यायचं. जर्मनीतल्या ब्यूंडे गावी रेव्हेल कंपनीने तर यासाठी वेगळा विभागच ठेवला, 'आबटायलुंग एक्स'.

ही फुटकळ सोय नव्हे. कित्येक संध्याकाळी खपून विमान रंगवावं आणि शेवटी गोंदाच्या वाफेने त्याची पारदर्शक काच धुरकटावी, तेव्हा दुसरी काच मिळाली तरच ती मेहनत वाचते.

म्हणून मॉडेल पुरं होईपर्यंत जुळणीपत्रक आणि खोकं टाकू नका. भाग मागवायला लागणारे क्रमांक तिथेच असतात.