निव्होलुमॅबची अल्पमात्रा चाचणी

निव्होलुमॅबची अल्पमात्रा चाचणी ही मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांवर करण्यात आलेली नैदानिक चाचणी (क्लिनिकल ट्रायल) होय. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर प्रथम सिद्ध झालेले निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीपेक्षा अत्यल्प मात्रेत दिले तरी रुग्णाचे आयुष्य वाढते काय, हा या चाचणीचा प्रश्न होता. तिचे निष्कर्ष 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात २०२२ साली ऑनलाइन व २०२३ च्या छापील अंकात प्रसिद्ध झाले. विजय पाटील, वनिता नरोन्हा, कुमार प्रभाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. तंबाखू व सुपारीच्या सेवनामुळे तोंडाच्या कर्करोगाचा भार वाहणाऱ्या अकोला, अमरावती यांसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने या चाचणीला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : मेलॅनोमावरील चाचण्या

मेलॅनोमा हा त्वचेला वर्ण देणाऱ्या रंगद्रव्यपेशींचा कर्करोग आहे. गौरवर्णीय लोकांत तो अधिक आढळतो. भारतात तो दुर्मीळ असून तळपाय, तळहात, नखांखालील त्वचा व श्लेष्मल आवरण या जागी होणाऱ्या प्रकारांचे प्रमाण येथे तुलनेने जास्त आहे. शरीरात पसरलेल्या मेलॅनोमावर अनेक दशके डॅकार्बाझिन हे रसायनोपचारातील औषध वापरले जाई. परंतु त्याचा लाभ थोड्याच रुग्णांना होत असे.

रोगप्रतिकारक्षमतेतील टी-पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. ते टी-पेशींच्या कार्याला आळा घालते आणि कर्करोगाच्या पेशी त्याचाच फायदा घेऊन बचावतात. या प्रथिनाचा शोध जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला. निव्होलुमॅब हे पीडी-१ला अडवून टी-पेशींवरील हा आळा दूर करणारे प्रतिपिंड आहे. होंजो व अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेलॅनोमाच्या ४१८ रुग्णांवरील एका चाचणीत एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण निव्होलुमॅब घेणाऱ्यांत ७२.९ टक्के, तर डॅकार्बाझिन घेणाऱ्यांत ४२.१ टक्के आढळले. २०१४ साली जपान व अमेरिकेत या औषधाला मेलॅनोमासाठी मान्यता मिळाली. पुढे ३६१ रुग्णांवरील चाचणीच्या आधारे २०१६ साली अमेरिकेत डोके व मान यांच्या कर्करोगासाठीही त्याचा वापर मान्य झाला.

अल्पमात्रेचा विचार

नव्या औषधाच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने होतात. पहिल्या टप्प्यात मात्रा व सुरक्षितता, दुसऱ्यात परिणामकारकतेची प्राथमिक पाहणी आणि तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी मोठ्या प्रमाणावर तुलना केली जाते. निव्होलुमॅबच्या पहिल्या टप्प्यात मेलॅनोमा व इतर कर्करोगांच्या रुग्णांना शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ०.१ ते १० मिलीग्रॅम इतक्या भिन्न मात्रा देण्यात आल्या होत्या. मात्रा शंभरपट वाढवली, तरी टी-पेशींवरील पीडी-१ अडवले जाण्याचे प्रमाण फारसे बदलत नाही, असे तेव्हाच दिसून आले होते.

प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलीग्रॅम अशी आहे. टाटा रुग्णालयातील चाचणीत ती दर तीन आठवड्यांनी २० मिलीग्रॅम ठेवण्यात आली. सहा आठवड्यांचा हिशोब केल्यास प्रचलित पद्धतीत ७२० मिलीग्रॅम, तर या पद्धतीत ४० मिलीग्रॅम औषध लागते. म्हणजेच ते अठराव्या हिश्श्यावर येते. पन्नास किलो वजनाच्या रुग्णाला २० मिलीग्रॅम म्हणजे किलोमागे ०.४ मिलीग्रॅम मिळतात. ही मात्रा पहिल्या टप्प्यात तपासलेल्या मर्यादेतच येते.

या प्रयत्नामागील कारण आर्थिक होते. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत डोके व मान यांच्या कर्करोगावरील मान्यताप्राप्त नवे उपचार खर्चामुळे केवळ १ ते ३ टक्के रुग्णांनाच मिळू शकतात, असे संशोधकांनी नमूद केले आहे.

चाचणीची रचना

चाचणीत १५१ रुग्णांचा समावेश होता. त्यांचा आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असून उपशामक उपचार हाच पर्याय उरला होता. दोन गटांपैकी कोणत्या गटात कोण जाईल हे डॉक्टरांनी वा रुग्णांनी ठरवले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने विभागणी झाली. त्यामुळे तुलनेने सुदृढ रुग्ण एकाच गटात गोळा होण्याची शक्यता कमी होते.

एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व अर्लोटिनिब या तीन औषधांच्या गोळ्या देण्यात आल्या. थोड्या मात्रेत व सातत्याने औषध देण्याच्या या पद्धतीला मेट्रोनॉमिक रसायनोपचार म्हणतात. मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या सिस्प्लॅटिनच्या सलाइनपेक्षा कमी पडत नाहीत, हे याच संस्थेच्या ४२२ रुग्णांवरील चाचणीत दिसून आले होते; ती चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या गटाला वरील तीन औषधांबरोबर अल्पमात्रेतील निव्होलुमॅब देण्यात आले.

निष्कर्ष

एक वर्षानंतर केवळ गोळ्या घेणाऱ्या गटात १६.३ टक्के, तर निव्होलुमॅबची जोड मिळालेल्या गटात ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. हयातीचा मध्यक, म्हणजे ज्या कालावधीपर्यंत निम्मे रुग्ण हयात राहिले तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. तीव्र दुष्परिणामांचे प्रमाण अनुक्रमे ५० व ४६.१ टक्के होते. म्हणजे निव्होलुमॅबच्या जोडीने ते वाढले नाही.

मर्यादा

या चाचणीत अल्पमात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नाही. त्यामुळे दोन्ही मात्रा समान गुणकारी आहेत, असा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही. ज्यांना पूर्ण मात्रा परवडत नाही त्यांना अल्पमात्रेचा लाभ होतो, एवढेच सिद्ध होते. चाचणी एकाच रुग्णालयात झाली. हा उपचार आजार समूळ बरा करणारा नाही. तसेच हे निष्कर्ष मेलॅनोमाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. त्या रोगातील प्रमाणित मात्रा मोठ्या चाचण्यांवर आधारलेली आहे.

वऱ्हाडाच्या संदर्भात

अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. या भागात व एकूण विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा खाण्याची सवय रुजलेली आहे. तंबाखूप्रमाणे सुपारीही स्वतंत्रपणे कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड पुरेसे उघडेनासे होते. ही कर्करोगाची पूर्वावस्था ठरू शकते.

अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर आहे आणि अमरावती त्याहून दूर आहे. दर तीन आठवड्यांनी औषध घेण्यासाठी वर्षाकाठी सतरा खेपा होतात. प्रत्येक खेपेला सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते. पेरणी वा कापूस वेचणीच्या दिवसांत तर ही खेप अधिकच जड जाते. कर्करुग्णाला उपचारासाठी रेल्वेच्या शयनयान व तृतीय वातानुकूलित श्रेणीच्या भाड्यात १०० टक्के, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. जवळचे मोठे केंद्र नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय होय. ज्यांचा आश्रम अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव त्या रुग्णालयाला दिलेले आहे.

गोळ्या घरी घेता येत असल्याने अल्पमात्रा उपचारातील मोठा भाग गावातही पार पडू शकतो. निव्होलुमॅब मात्र शिरेवाटे द्यावे लागते. त्याची लहान कुपी ४० मिलीग्रॅमची असते आणि तीत दोन रुग्णांची मात्रा होते. औषध वाया जाऊ नये म्हणून दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलवावे लागते. मोठ्या रुग्णालयात हे सहज जमते. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी नियोजन करावे लागते.

चाचणीत सहभागी होणाऱ्याचे हक्क

भारतातील चाचण्या 'नवी औषधे व नैदानिक चाचण्या नियम, २०१९' यांनुसार चालतात. नियामक चाचण्यांबाबत या नियमांतील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

- चाचणीची नोंद पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवहीत झाली पाहिजे. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली असून ती कोणालाही ऑनलाइन पाहता येते.
- नीतिसमितीची मान्यता आवश्यक असते. समितीत किमान सात सदस्य असावे लागतात व त्यांपैकी निम्मे संस्थेबाहेरचे असतात. रुग्णालयाची स्वतःची समिती नसल्यास त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या आतील समितीची मान्यता चालते.
- रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते. रुग्णाला लिहितावाचता येत नसल्यास निःपक्षपाती साक्षीदार उपस्थित असावा लागतो.
- संमती दिल्यानंतरही कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.
- चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, आणि मृत्यू झाल्यास वारसांना भरपाई देय असते.

सहभागी होणाऱ्याला नवाच उपचार मिळेल अशी हमी नसते. तो तुलनेच्या गटातही जाऊ शकतो. म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही गटांना काय मिळणार, किती खेपा होणार, प्रवासखर्च कोण देणार आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, हे विचारून घेणे हिताचे ठरते. संमतिपत्राची प्रत रुग्णाकडे राहिली पाहिजे.

हे सुद्धा पहा

- मेलॅनोमा
- प्रतिकारोपचार
- तोंडाचा कर्करोग
- टाटा स्मारक रुग्णालय
- अमरावती विभाग